नर तेवढे वेगळे

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला नातेवाईक काहीही आणून दाखवतात. कुणी बाटलीतला विंचू, कुणी लेकराच्या डोक्यातली ऊ. माझ्या धाकट्या दिरांनी गेल्या वर्षी गणपतीनंतरच्या एका रविवारी बादलीभर शिंपले आणले. मुरगूडला शेततळ्यात ते मोत्यांची शेती करतात. नराचा मोती चांगला भरतो, असं त्यांना कुणीतरी प्रशिक्षणात सांगितलं होतं.

"वहिनी, ह्यातलं नर तेवढं येगळं काढून द्या की," म्हणत त्यांनी ती गळकी बादली थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली.

दीर माणूस म्हणून वाईट नाहीत. दोन मुली आहेत, दोघींना रोज स्वतः शाळेत सोडतात. पण तिसरं मूल हवं आणि ते पोरगंच हवं, हे खूळ काही डोक्यातून जात नाही. जावेला तिसरं नकोच होतं. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही.

शिंपला बाहेरून बघून नर की मादी ते कळत नाही. दोन शिंपांमध्ये छोटी पाचर सारून फट करायची, सुईनं आतला थेंब ओढायचा आणि माझ्या घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. वळवळ दिसली की नर, गोल दाणे दिसले की मादी. मी एकेक सांगत होते आणि दीर दोन पातेल्यांत वाटणी करत होते. नरांसाठी त्यांनी मोठं पातेलं घेतलं होतं. पातेली अर्थातच माझी.

मध्येच त्यांनी विचारलं, "ह्यांच्यात नर का मादी ते कोन ठरवतंय? बाई का बाप्या?"

माणसात ते बापावर असतं, हे मी त्यांना पहिली मुलगी झाली तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हापासून जावेला मुलींवरून कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मी सावध झाले.

"का हो भाऊजी?"

त्यांनी खिशातून पुड्यांचं पाकीट काढलं. राज्याच्या सीमेपलीकडच्या कुणा वैद्याकडून आणलेलं. "रोज सकाळी दुधातनं द्यायचं. पोरगंच हुतंय म्हणं. म्हटलं, हिला सुरू करायच्या आदी तुमास्नी इचारावं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दिरांवर ओरडून उपयोग नसतो. ते सगळं ऐकून घेतात, ताक पितात आणि घरी जाऊन आपलंच खरं करतात.

शिंपल्यांचं खरं उत्तर तसं कुणालाच पुरतं ठाऊक नाही. नराची-मादीची वेगळी गुणसूत्रं त्यांच्यात दिसत नाहीत. पेशीला ऊर्जा देणारी तंतुकणिका एरवी आईकडून येते. कित्येक शिंपल्यांत बापाचीही पुढं जाते, पण फक्त मुलग्यांकडं, सातबारा मुलांच्याच नावावर करावा तशी. आणि काही जातींत तर मुलगे किती, मुली किती, हे आईवरच ठरतं असं दिसतं. शिंपल्याचं वेगळं आणि माणसाचं वेगळं, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं असतं, तरी मुरगूडपर्यंत त्यातलं 'आईवर' एवढंच पोचलं असतं.

"बापावरच," मी म्हणाले. "माणसात तसं, शिंपल्यातही तसंच."

परीक्षेत कुणी हे लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

दिरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजे हे मी खायाचं व्हय?"

मी एक पुडी उघडून जिभेला लावून पाहिली. सुंठ लागली आणि खडीसाखर. बाकी काय होतं कोण जाणे. मला त्याची फारशी काळजी वाटली नाही, हेही सांगून टाकते.

"तुमीच खा," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले. "तिच्या पोटात घालून काय उपयोग?"

त्यांनी पाकीट खिशात ठेवलं, शिंपले उचलले आणि गेले. माझं मोठं पातेलंही गेलं.

पुढच्या आठवड्यात जाऊ दात दाखवायचा म्हणून कोल्हापूरला माझ्याकडं आली. मीच तिला घेऊन गेले, पण दातांच्या डॉक्टरकडं नाही. मूल राहू नये म्हणून तिनं तांबी बसवून घेतली. हे आम्हा दोघींपलीकडं कुणाला माहीत नाही.

याला वर्ष झालं. पाकीट संपलं की दीर नवं आणतात. दूध जाऊच तापवून देते, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहते.