हजर आहे, आरोप कबूल नाही

इतकी वर्षे उलटली, पण रेशमाचा तो गठ्ठा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मी रत्नागिरीला फौजदार होतो. एका बंदरावरच्या जकात कचेरीने मचव्यातून आलेले चोरटे रेशीम पकडले, त्याचे तीन गठ्ठे बांधले आणि लाखेची मोहोर मारून गोदामात ठेवले. महिन्याभराने वरचे साहेब तपासणीला आले. मोहोर शाबूत, सुतळी शाबूत. सुतळी कापून उघडले, तर एका गठ्ठ्यात नुसते गोणपाट!

गोदामाची किल्ली शिपायाकडे. त्याला उभ्या उभ्या सस्पेंड केले, पट्टा काढून घेतला, कचेरीत पाय ठेवायची मनाई केली. खात्याची चौकशी लागली आणि चोरीचा तपास माझ्या गळ्यात आला.

कचेरीत गेलो तर तिथल्या कारकुनाने मला बाजूला घेतले. वीस वर्षांची नोकरी, मोत्यासारखे अक्षर, बोलणे अगदी मऊ. म्हणाला, "रावसाहेब, चौकशीच्या दोन नोटिसा गेल्या. दोन्ही त्याने सही न करता परत केल्या. निर्दोष माणूस असे तोंड लपवील का?"

मला ते पटले. खोटे कशाला बोलू? मनात म्हटले, चला, काम हलके झाले.

शिपाई पूर्णगडकडचा, खलाशांच्या घरातला. पळेल म्हणून मी दोन हवालदार बरोबर घेतले. हा पठ्ठ्या अंगणात जाळे सांधत बसलेला! उठून रामराम केला, शहाळी फोडून दिली. दोन तास मी त्याला उलटसुलट विचारले, एकदाही अडखळला नाही. दुपारी जेवायला जाताना किल्ली कचेरीतल्या खुंटीला टांगायची पद्धत होती, हेही त्याने आपणहून सांगितले. घराची झडती घ्या म्हणाला. घेतली. सुक्या बांगड्यांशिवाय काही निघाले नाही.

"मग चौकशीला का जात नाहीस?"

तोंड एकदम बंद. पुन्हा विचारले, तर नजर जाळ्यात.

चोर पोलिसाला टाळतो. खात्याच्या चौकशीत तो गोड बोलतो. इथे सगळेच उलटे. मला चीड आली, पण कुतूहल त्याहून जास्त वाटले. "अरे, परवा शेवटची तारीख. आला नाहीस तर एकतर्फी निकाल लावून बडतर्फ करतील. जन्मभर चोर म्हणून फिरशील!"

दाराआडून त्याची बायको बोलली, "सायेब, दोन म्हैने मी तरी दुसरं काय सांगताय? ऐकत नायत. तो गावकीचा ईडा डोक्यात बसलाय त्यांच्या."

विडा? मी हवालदारांना बाहेर पाठवले आणि पायरीवर बसलो. "हं, सांग बघू नीट."

हळूहळू उलगडले. त्यांच्या वाडीत तंटा झाला की गावकी बसायची. ज्याच्यावर आळ, त्याला बोलावणे जायचे. तो येऊन बसला आणि समोरचा विडा उचलला, की निकाल लागायच्या आधीच त्याने तो मानला असे धरत. मग पुढे तोंड उघडायची सोय नाही. आळ मान्य नसेल तो जातच नसे. याच्या बापाने एकदा विडा उचलला आणि खोट्या आळापायी चार वर्षे वाळीत काढली.

"बापाशीने मरताना सांगितलान, बोलावणं आलं तरी बसू नको. तिकडं जाऊन सही करायची म्हंजे ईडाच की ओ, सायेब."

मी कपाळावर हात मारून घेतला. याच्या रीतीने जाणे म्हणजे कबुली, आणि सरकारी रीतीने न जाणे म्हणजे कबुली! बिचारा बेअब्रू टाळायला घरी बसला होता आणि त्याच बसण्याने बुडत चालला होता.

"अरे बाबा, तुझ्याविरुद्ध काय पुरावा आहे तो तिथेच दाखवणार. तो गोणपाट निघालेला गठ्ठा तू पाहिलास तरी का?"

"नाय. मना कचेरीत घेतात कुठं?"

"मग तो बघायला तरी ये. आणि सहीच्या वर लिही: हजर आहे, आरोप कबूल नाही."

"असं लिवलं तर चालतं?"

"चालतं."

"मोठे सायेब रागावले तर?"

"रागावू देत की! कागदावर लिहिलेले थोडेच पुसले जाते?"

मी वहीच्या पानावर ते वाक्य लिहून, पान फाडून त्याला दिले. तो अक्षरे जुळवून लिहिणारा माणूस. माझ्यासमोर त्याने ते तीनदा गिरवले.

तारखेला तो आला, पण दारातच थबकला. साहेबांच्या टेबलावर पानसुपारीचे तबक होते! मी ते उचलून खिडकीत ठेवले. मग तो आत आला, सावकाश आपले वाक्य लिहिले, खाली सही केली. साहेबांनी भुवई चढवली आणि गठ्ठा आणायला सांगितले.

गठ्ठा पुढे आला. सुतळी मधून कापलेली होती, मोहोर मारलेली गाठ जशीच्या तशी. शिपाई वाकला. गाठ बोटांनी चाचपून पाहिली.

"सायेब, ही गाठ माझी नाय."

गठ्ठे त्याने बांधले होते, मोहोर कारकुनाने मारली होती. उरलेले दोन गठ्ठे आणवले. दोन्हींवर खलाशांची गाठ, अगदी सारखी. तिसऱ्यावर भलतीच: दोन पीळ आणि सुतळीचे शेपूट खाली खोचलेले. मी मान वर केली. समोर फळीवर कचेरीची दप्तरे रचलेली होती. एकूण एक दप्तर त्याच गाठीने बांधलेले.

कारकून शेजारीच कागद वाचायला बसला होता. मी एक सोडलेले दप्तर त्याच्यापुढे सरकवले. "जरा बांधता का?"

हात सवयीने चालले. शेपूट खोचायची वेळ आली आणि बोटे थांबली.

"मोहोर तुमच्याच पेटीत असते ना?" मी विचारले. त्याने दप्तर बाजूला सारले आणि माल कुठे ठेवला ते सांगून टाकले. संध्याकाळी रेशीम त्याच्या सासुरवाडीच्या माळ्यावर मिळाले.

शिपायाला पट्टा परत मिळाला. मला मात्र स्वतःची लाज वाटली. तो गठ्ठा मी चारदा हाताळला होता आणि दर वेळी मोहोरच पाहिली होती. गाठ ओळखणारा एकच माणूस, आणि त्याच्या गैरहजेरीलाच आम्ही सगळे पुरावा म्हणत होतो. तेव्हापासून कोणी गप्प राहिला की मी आधी विचारतो, बाबा, तुझ्याकडे गप्प राहण्याचा अर्थ काय?

शहाणपण दुसऱ्याला सांगणे सोपे असते. काही वर्षांनी एका खोट्या तक्रारीवरून मीच सस्पेंड झालो. चौकशीला माझ्या हाताखाली शिकलेला अधिकारी. संतापाने माझे डोके फिरले. याच्यापुढे मी उभा राहू? नोटीस भिरकावून दिली आणि जाणार नाही म्हणून घरात सांगून टाकले.

तिसऱ्या दिवशी पूर्णगडचा तो शिपाई दारात उभा. हातात सुरमई. कुठून कळले देव जाणे. आत ये म्हटले तरी आला नाही, पायरीवरच बसला.

"सायेब, तिकडं ईडा नसतो. तुमीच सांगितलंत."

एवढे बोलून त्याने खिशातून घड्या पडून विरलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. माझेच अक्षर. मी आत जाऊन नोटीस शोधली, ती ओळ तिच्यावर उतरवून काढली आणि खाली सही केली.