मुखपृष्ठावरचं धुकं

महाडात एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि मुख्य म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर कुणी गेलेलं असो, आमच्याकडे माणसाला रस्त्यावर टांगल्याशिवाय त्याचं काही झालंय असं कुणाला वाटत नाही. मधे एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे गोल. या धंद्यात सगळं माफ आहे, रंग भडक झाला तरी चालतो, एक चेहरा राहिलेला मात्र चालत नाही. एकदा साखरपुड्याच्या बॅनरवर मुलीच्या धाकट्या काकांचा फोटो राहिला. काका मांडवातून न जेवता उठले आणि त्यांची समजूत घालायला मुलीच्या बापाला पार त्यांच्या घरी जावं लागलं. तेव्हापासून मी बॅनर मशीनवर टाकण्याआधी चेहरे मोजून घेतो.

या धंद्याची मला लाज वाटायची. पुण्याला चित्रकला शिकून आलेला माणूस मी. तिथले मित्र फोनवर विचारायचे, सध्या काय चाललंय, तर मी नुसतं ‘डिझाइन’ म्हणून विषय बदलायचो. गॉगल लावलेल्या भावी सरपंचांचं डिझाइन, असं कोण सांगणार? आपल्यातला खरा कलाकार अजून जगाला दिसायचा आहे, अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती मी चांगली जपून ठेवली होती.

अशात गेल्या पावसाळ्यानंतर बाई दुकानात आल्या. मला तिसरीला होत्या त्या. महाडला बदली होण्याआधी, अगदी तरुण असताना, त्या पोलादपूरच्या वरच्या एका डोंगरवाडीत शिक्षिका होत्या. तिथल्या आठवणींचं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. पुण्याचा एक लहानसा प्रकाशक छापायला तयार होता, पण मुखपृष्ठ माझा विद्यार्थी करेल, असं त्यांनी त्याला परस्पर सांगून टाकलं होतं.

“तुला जमेल ना रे?” त्यांनी विचारलं. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

बाईंची अट एकच होती. वाडी दिसली पाहिजे. तळीयेवर दरड आली त्या वर्षापासून आमच्या भागातल्या डोंगरवाड्यांची झोप उडाली आहे. या वाडीचीही पाहणी झाली, डोंगराला भेगा सापडल्या, आणि आता तिला खाली रस्त्याजवळ जागा मिळाली आहे. दर पावसाळ्यात माणसं खालच्या गावच्या शाळेत नाहीतर नातेवाइकांकडे उतरतात आणि गौरी-गणपतीला परत वर चढतात. पण हेही आता संपायचं आहे. एक-दोन वर्षांत घरं मोडून वासे, पत्रे खाली न्यायचे आहेत.

“म्हणून म्हणते, जायच्या आधी एकदा ती फोटोत यावी,” बाई म्हणाल्या. “सगळी, एका जागी.”

मी मोठ्या गांभीर्यानं मान डोलावली आणि अभ्यासाला लागलो. वाचनालयात जाऊन कोकणावरची दिसतील ती पुस्तकं काढली. जवळजवळ प्रत्येकावर माड, होडी आणि मावळता सूर्य. महाड-पोलादपूरला समुद्र नाही, हे या लोकांना कुणी सांगितलेलंच नसावं. आमचा माणूस समुद्र बघायला तुमच्यासारखाच गाडी करून जातो. मला चीड आली, आणि ती खरी होती. मग मी बाहेरच्या देशांतली मुखपृष्ठं फोनवर बघत बसलो. त्यांच्यात किती रिकामी जागा असते! एक टेकडी, वर आभाळ, कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव. ते बघून मी माझ्या दुकानातल्या गच्च भरलेल्या बॅनरांकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं, यातलं काही म्हणजे काहीच इथे येता कामा नये.

दिवाळीनंतर मी वाडीत गेलो. पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढे मिनीडोर रिक्षा आणि मग पायवाट. बाईंनी निरोप दिलाच होता. पहिल्याच घरातल्या आजीनं मला आत बोलावून कोरा चहा दिला. आजी एकटीच. मुलगा-सून मुंबईला, आणि ओटीच्या खाली तिच्या शेरडांचा गोतावळा. चहावर भागलं नाही. नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी समोर आली. मी नको नको म्हणत दोन भाकऱ्या संपवल्या.

“बाईंच्या बुकावर आमची घरं येनार ना?” तिनं विचारलं.

“येणार की.”

“माझं बी?”

“तुमचं तर पहिलंच आहे.”

फोटो समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून घ्यायचा होता. मधे दरी. मी खाली उतरून पलीकडे चढलो. सकाळचं धुकं दरीत दुधासारखं साचलं होतं आणि त्याच्या वर वाडी, उन्हात लख्ख. मी कॅमेरा लावला आणि पाहिलं, तर घराघरातून माणसं बाहेर येत होती. फोटो काढतायत म्हटल्यावर सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि जो तो आपापल्या अंगणात, आपल्या घराच्या पुढ्यात येऊन उभा राहिला होता. डोंगराएवढ्या अंतरावरून काढलेल्या फोटोत आपण मुंगीएवढे दिसणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. फोटो आपल्या वाडीचा, म्हणजे आपण त्यात उभं राहायचंच. मला हसू आलं. मी भराभर फोटो काढले आणि उतरलो.

दुकानात येऊन तो फोटो मोठा करून पाहिला आणि माझी निराशा झाली. धुकं सुरेख, डोंगर सुरेख, पण वाडी? पत्रे निळे. पाण्याच्या टाक्या काळ्या. एका छपरावर डिशची छत्री, एका अंगणात पिवळी ताडपत्री. माझ्या मनातल्या त्या शांत, उदास डोंगराचा पार विचका झाला होता. शिवाय पुस्तकाचं नाव नेमकं तिथेच बसणार होतं.

कॉम्प्युटरवर एक सोय असते. शेजारचं गवत उचलायचं आणि नको त्या गोष्टीवर नेऊन ठेवायचं. जेवण झाल्यावर मी बसलो. आधी टाक्या काढल्या, मग ताडपत्री, मग सगळ्यात निळं छप्पर. एक घर गेल्यावर शेजारचं उगाच उरल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून तेही काढलं. अशी एकेक करत सगळी गेली. बारीक काम असतं ते, चित्र खूप मोठं करून बघावं लागतं. शेवटी अगदी कडेचं, पहिलं घर राहिलं. त्याच्या अंगणात तांबडं लुगडं नेसलेली एक बाई उभी होती आणि तिनं एक हात वर केला होता. निरोप देताना करतात ना, तसा. चेहरा दिसत नव्हता, पण शेरडं दिसत होती. मला ती कोण ते कळलं. कळूनही मी तिच्यावर गवत ठेवलं. मग दरीतलं धुकं थोडं वर ओढून घेतलं, म्हणजे काही खुणा उरल्या असतील तर त्याही झाकल्या जातील.

चित्र फार देखणं झालं. हे आजही म्हणतो आणि म्हणताना मान खाली जाते.

बाईंना मी ते फोनवर पाठवलं. त्यांचा फोन जुना, काचेला तडा गेलेला. “सुंदर आहे रे,” त्यांनी लिहिलं, “फक्त फोनवर फार बारीक दिसतंय. छापल्यावर घरं दिसतील ना?” मी उत्तर लिहिलं नाही. अंगठा वर केलेला तो एक पिवळा हात पाठवून मोकळा झालो. प्रकाशकाला चित्र इतकं आवडलं, की त्यानं मला आणखी दोन पुस्तकांबद्दल विचारलं.

पुस्तक शिमग्याला वाडीतच द्यायचं ठरलं, कारण तेव्हा मुंबईची सगळी माणसं घरी येतात. पालखी सहाणेवर बसली होती. सहाण म्हणजे देवाची पालखी टेकायचा दगडी चौथरा, सगळी वाडी तिथेच जमते. बाईंनी गठ्ठा सोडला, पहिलं पुस्तक पालखीत ठेवलं आणि बाकीची वाटायला घेतली. बाईंनीही ते छापलेलं पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. मी बाजूला उभा राहून कौतुकाची वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू, बघतच होतो.

माणसं पुस्तकावर बोट ठेवून शोधायला लागली. वाडीवरचा कडा सापडला, देवळाजवळचा आंबा सापडला. मग बोटं तिथून पुढे सरकली आणि नुसतीच फिरत राहिली.

“डोंगर आपलाच हाय,” कुणीतरी म्हणालं. “घरं कुठं हायत?”

मुंबईहून आलेला एक जण हसून म्हणाला, “गेली वाटतं वाहून.” त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. एका बाईनं त्याला “गप रे” म्हटलं आणि पुस्तक उलटं करून मांडीवर ठेवलं. ज्या डोंगराकडे खालून बघत ही माणसं दर पावसाळ्यात रात्र रात्र जागी बसतात, तोच डोंगर, घरांशिवाय, मी त्यांच्या हातात छापून दिला होता. आणि हे मला, महाडात जन्म गेलेल्या माणसाला, तिथे उभं राहिल्यावर सुचलं. बाई पुस्तकाकडे बघत होत्या, माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिसरीत ओरडायच्या.

आजी पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली. “मी हात केलेला रे,” ती म्हणाली. “तुला दिसला नाय?”

खरं सांगायची ती वेळ होती. “नाही आजी,” मी म्हणालो, “एवढ्या लांबून नाही दिसलं.”

“लांब व्हतं खरं,” असं म्हणून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते त्या हाताखाली उभं राहून कळलं.

मूळ फोटो माझ्याकडे होता. तो दिला की त्यांची वाडी त्यांना मिळत होती, अगदी सगळी, एका जागी. पण त्यात आजीचा वर केलेला हात स्वच्छ दिसत होता. तो दिला की माझं खोटं उघडं पडणार. यावर मी होळीपासून पार वैशाखापर्यंत घोळ घातला, एवढं सांगितलं म्हणजे माझी किंमत कळेल. बाई त्या काळात दुकानावरून जायच्या, पण आत यायच्या नाहीत. मधे बातमी आली की खालची घरं पुरी होत आलीत आणि पावसाच्या आधीच माणसं उतरणार आहेत. मग मात्र मी तो फोटो मशीनवर टाकला. फ्लेक्सवरच, वाडीतल्या शाळेच्या भिंतीएवढा. निळे पत्रे, टाक्या, ताडपत्री, सगळं. छापण्याआधी सवयीनं माणसं मोजली.

गुंडाळी खांद्यावर टाकून वर चढलो. बाईंनाही कळवलं होतं, पण त्या आल्या नाहीत. शाळेच्या भिंतीला फ्लेक्स बांधायला घेतला तशी निम्मी वाडी गोळा झाली. सामानाची बांधाबांध टाकून आली होती माणसं. पत्र्यांवरून घरं ओळखली गेली, मग घरांवरून माणसं. ही तू गो, हा मी, हा बघ आपला मोत्या. चेष्टा चालली होती. मी वरच्या कोपऱ्याची दोरी बांधत स्टुलावर उभा होतो आणि खाली बघायचा मला धीर होत नव्हता.

आजी कडेच्या घरापाशी थांबली होती. तिनं स्वतःवर बोट ठेवलं, मग त्या हातावर.

“ह्यो काय हात,” तिची शेजारीण म्हणाली. “चांगला दिसतोय की. मंग बुकावर कसा नाय आला गो?”

आजीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, माझी खात्री आहे.

“तवा धुकं व्हतं,” ती शेजारणीला म्हणाली. “धुक्यात काय दिसतंय.”

समोर भिंतीवर सगळी वाडी उन्हात लख्ख उभी होती. धुकं खाली दरीत, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. शेजारणीनं पदर सावरला आणि मान डोलावली.

“हो ना रे?” आजीनं विचारलं.

मी दोरीची गाठ आवळली आणि हो म्हणालो.