वाणीची कात

अमळनेरच्या कॉलेजात आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिपाई होते. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. काचेच्या पेटीत त्यांनी वाणी पाळला होता. वीतभर लांब, असंख्य पायांचा, हात लागताच वेटोळं करणारा किडा. त्याच्यासाठी मी यावलहून केळीची कुजलेली पानं आणायचो. "फवारा मारेल नही ना, भाऊ?" असं दर वेळी विचारून, कीटकनाशकाचा वास येतो का ते बघायला नाना पानं हुंगायचे. मग त्यांवर अंड्याच्या टरफलांची पूड भुरभुरायचे, पाणी शिंपडायचे आणि त्यानंतरच स्वतःचा डबा उघडायचे.

एकदा वाणीने काचेलगतच्या मातीत कात टाकली. प्रात्यक्षिकात माझे गुण कमी पडत होते, आणि अशी कात वर्गात कोणाकडेच नव्हती. मी चिमटा उचलला. नानांनी माझं मनगट धरलं. एरवी कशालाच नाही न म्हणणारा तो माणूस म्हणाला, "ती त्यानी शे. आते तो तीच खाई, मंग त्याना आंगमा जोर येई. तू चित्र काढ."

मी हिरमुसलो. नानांनी आपलं स्टूल मला दिलं आणि माझं चित्र पुरं होईपर्यंत, मधूनमधून फक्त हात बदलत, ते काचेपुढे भिंग धरून उभे राहिले.