चौदाव्या ओळीवरची खूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिथे सांगायला हवं होतं, तिथे तर नाहीच. तुला सांगतेय, पण माझी समजूत काढू नकोस. समजूत काढणाऱ्यांचा मला राग येतो.

मी याद्या करणारी बाई आहे. घरी किराण्याची, औषधांची, बाहेर पडताना गॅस-नळ-कुलूप अशी दारामागे चिकटवलेली. भंडाऱ्याला मच्छीमार संस्थांच्या संघात मी संगणकाचं काम बघते, तिथेही तेच. नवा माणूस आला की साहेब त्याला माझी वही दाखवतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

आम्ही तलावांच्या नोंदी संगणकावर आणत होतो — कोणता तलाव, कोणती बोडी म्हणजे लहान तळं कोणत्या संस्थेकडे, हद्द कुठून कुठवर. डेटाबेस कंटेनरमध्ये बसवला होता. म्हणजे लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद. डबा कुठल्याही मशीनवर ठेवा, तसाच चालतो. त्यात नकाशांचं एक तयार एक्स्टेन्शन, म्हणजे डेटाबेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, होतं, आणि दुसरं प्रभाकरनं स्वतः लिहिलेलं. पावसाळ्यातली पाण्याची रेघ आणि उन्हाळ्यातली रेघ वेगळी धरून ते तलावाचं क्षेत्र काढायचं.

प्रभाकर सानगडीकडचा, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातला, माझ्याच वयाचा. कंत्राटी. वही नाही, यादी नाही, सगळं डोक्यात — आणि तरी त्याचं काम चुकत नसे. मला तो आवडत नव्हता. का? त्याचं चुकत नसे म्हणून. आजही आवडत नाही.

चाचणीच्या दिवसांत मुख्य पासवर्ड मी सेटिंगच्या फाइलमध्ये उघडाच लिहिला होता. ती फाइल सगळ्या संस्थांच्या ऑपरेटरांना पाठवली होती — त्यांना नोंदी तपासता याव्यात म्हणून. खरं काम सुरू होण्याआधी पासवर्ड बदलायचा, आणि नवा एका गुप्त फाइलमध्ये ठेवायचा, जी फक्त आम्ही दोघं उघडू शकू — ही यादीतली चौदावी ओळ. मी गुप्त फाइल केली. नवा पासवर्ड लिहिला. कंटेनर पुन्हा सुरू केला, आत शिरून पाहिलं, डेटाबेस उघडला. बरोबरची खूण केली.

प्रभाकर मागे चहाचा कप घेऊन उभा होता. म्हणाला, "मॅडम, आतमंदी बसून कुलूप पाहून काय होते? बाहेर जाऊन जुनी चाबी लावून पाहा ना."

मी मान वळवली नाही. म्हटलं, "तुम्ही तुमचे तलाव सांभाळा, प्रभाकरभाऊ. यादी मी सांभाळते."

तो हसला. "बरं बाप्पा. यादीत हाय, तं बदललाच असंन."

त्याचं बरोबर होतं. गुप्त फाइलमधला पासवर्ड डेटाबेस फक्त एकदाच वाचतो — पहिल्यांदा, रिकामा असताना. आमचा भरलेला होता. त्यानं नव्या फाइलकडे बघितलंच नाही, जुना पासवर्ड तसाच चालू राहिला. आणि आतून येणाऱ्याला तो पासवर्ड विचारतच नाही; आम्ही दोघं तर कायम आतूनच काम करायचो. म्हणजे मी तपासलं काय? काहीच नाही.

काही महिन्यांनी एका तलावाची हद्द बदललेली निघाली. पाळीजवळचा, बांधाला लागून असलेला कोपरा, जिथे मासे सगळ्यात जास्त लागतात, तो शेजारच्या संस्थेच्या नावावर गेलेला. ज्यांचा गेला ते तीस-चाळीस जण कार्यालयात येऊन बसले. बदल मुख्य पासवर्डानं झाला होता. आणि शेजारच्या संस्थेचा सचिव — प्रभाकरचा साळा.

बैठक तीन वाजता झाली. साहेबांनी वही मागवली. चौदावी ओळ, तारीख, खूण. जुना पासवर्ड बंद, नवा दोघांनाच माहीत. माझ्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

साहेबांशी प्रभाकर बोललाच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगा. जुना बंद झाला होता का?"

मी म्हटलं, "यादीत आहे."

दोन शब्द. 'हो' म्हणण्याचीही हिंमत नव्हती माझ्यात.

तू म्हणशील, तुला तेव्हा कुठे माहीत होतं? तुझा यादीवर विश्वास होता — नाही का?

नव्हता. त्याच दिवशी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, मी माझ्या लॅपटॉपवरून बाहेरून जुना पासवर्ड टाकून पाहिला होता. उघडलं. म्हणजे ती फाइल ज्या-ज्या ऑपरेटराकडे होती, त्यातल्या कुणीही हे केलेलं असू शकत होतं. मी डबा उघडून दोन घास खाल्ले. मग एका ओळीची आज्ञा देऊन पासवर्ड खरोखर बदलला. जुना पुन्हा टाकला. आता बंद. कुणी तपासलं असतं, तर माझी खूण खरीच निघाली असती. तीन वाजता मी वही घेऊन बैठकीला गेले.

प्रभाकरचं कंत्राट त्याच आठवड्यात संपवलं. ज्यांचा कोपरा गेला होता, त्यांनी त्याला तलावाच्या पाळीवर पाय ठेवू दिला नाही. साळ्यानं बोलणं टाकलं. आता तो साकोलीला मोबाईल दुरुस्त करतो. त्याचं एक्स्टेन्शन अजून आमच्या कंटेनरमध्ये आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव आहे. ते पुसायला मी दोनदा बसले. पुसलं नाही — चांगुलपणानं नाही. कुणी विचारेल याची भीती.

बैठकीनंतर जागेवर येऊन मी वही उघडली. चौदाव्या ओळीखाली नवी ओळ घातली — 'जुना पासवर्ड बाहेरून लावून पाहणे'. समोर खूण केली. नवा माणूस आला की साहेब याच ओळीवर बोट ठेवतात. बघा, म्हणतात, आमच्या मॅडम किती पुढचा विचार करतात.

मी शेजारी उभी असते.