चोवीस चेहरे आणि बाईंची साफसफाई

इस्पितळाच्या एक्स-रे विभागात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे 'श्वास-धरा बाई' म्हणत. "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." हे हुकूम त्यांनी इतक्या जणांना सोडले होते की, घरी यजमानांनी खुर्चीत जरा कूस बदलली तरी बाईंच्या तोंडून "हलू नका" निघून जाई. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना एक चांगला कॅमेरा दिला. देणाऱ्यांना वाटलं, बाई आता फुलाफांद्यांचे फोटो काढतील. बाईंनी माणसं धरली.

निमित्तही तसंच मिळालं. इस्पितळ नव्या इमारतीत जाणार होतं आणि तिथल्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये जुन्या कर्मचाऱ्यांचे फोटो लावायचं ठरलं. मोठ्या डॉक्टरांचे नव्हेत, त्यांचे सगळीकडे असतातच. लिफ्टमन, मेट्रन, बॉयलरवाला, चादरी धुणाऱ्या बाई, रक्ताच्या बाटल्या पोचवणारा, अशा चोवीस जणांचे. काम अर्थातच बाईंकडे आलं. चोवीस जणांना भिंतीला टेकवून त्यांनी चार दिवसांत फोटो काढले आणि पुढचे तीन महिने ते कॉम्प्युटरवर 'नीट' करण्यात घालवले.

हे नीट करणं त्यांना वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाचीने शिकवलं होतं. भाची एका मासिकाची पानं लावते. तिने मावशीला सांगितलं, "तुझा कॅमेरा रॉ फोटो काढतो. म्हणजे कच्चा माल. तू उजेड वाढव, रंग बदल, कडा काप, मूळ फोटोला धक्का लागत नाही. सगळं झालं की एक्सपोर्ट करायचं. मग साधा फोटो तयार होतो, तो छापता येतो."

मूळ फोटोला धक्का लागत नाही, हे ऐकून बाई खूश झाल्या. एक्स-रेच्या फिल्मवर कुणी बोट ठेवलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडत असे. पण एक्सपोर्ट हा शब्द काही त्यांच्या गळी उतरेना.

"सेव्ह केलंय की मी. रोज करते."

"सेव्ह वेगळं, मावशी. सेव्ह म्हणजे तुझ्या मनात काय आहे ते लिहून ठेवणं. एक्सपोर्ट म्हणजे ते हातात देणं."

"झाल्याशिवाय हातात कसं देऊ?"

आणि बाईंचं काही होतच नव्हतं. मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावरचा उजेड सोमवारी वाढे, बुधवारी उतरे. बॉयलरवाल्याच्या मिशा एक आठवडा काळ्या, एक आठवडा करड्या. लिफ्टमनच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. तो पुसायला बाईंना चार दिवस लागले. लिफ्टमन दर रविवारी येऊन बेल वाजवी. "झाला का हो माझा फोटो?" बाई दारातूनच म्हणत, "हातात आहे." यजमान आतून ओरडत, "अहो, तिच्या हातात मीही चाळीस वर्षं आहे. बसा, चहा घ्या."

शेवटी छपाईवाल्याचा निरोप आला: गुरुवारी फाइली हव्यात. मंगळवारी सकाळी बाईंनी पदर खोचला आणि आधी घर आवरावं तसं फोल्डर आवरायला घेतलं. बघतात तो प्रत्येक फोटोच्या बाजूला एकेक बारकीशी फाइल चिकटलेली. उघडली तर चित्र नाही, काही नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. बाईंना अशी चिलटं खपत नाहीत. चोवीसच्या चोवीस उडवली. आणि अर्धवट काम त्यांना माहीतच नसल्यामुळे कचऱ्याची टोपलीही लगोलग रिकामी केली.

मग त्यांनी प्रोग्रॅम उघडला. मेट्रनबाई समोर आल्या त्या राख फासल्यासारख्या. बॉयलरवाला अंधारात. लिफ्टमनच्या खिशाला डाग. तीन महिन्यांचं काम त्या चिलटांत लिहिलेलं होतं.

यजमान वर्तमानपत्र खाली ठेवून आले. बायको पडद्याकडे बघत गप्प बसलीय, हे दृश्य त्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं.

"अगं, फोटो तर आहेत ना?"

"आहेत," बाई म्हणाल्या. "मी केलेलं काही नाही त्यांच्यात."

थट्टा यजमानांच्या ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली. त्यांनी भाचीला फोन लावला. भाची आधी खळखळून हसली, मग मावशीचा आवाज ऐकून एकदम थांबली. "मावशी, मूळ फोटो शाबूत आहेत. दोन दिवस आहेत. तुला प्रत्येकाचा चेहरा पाठ झालाय. बस आणि कर. आणि एक झाला की लगेच एक्सपोर्ट. मागे वळून बघायचं नाही."

बाई बसल्या. यजमानांनी पाठकोऱ्या कागदावर चोवीस जणांची यादी केली, शेजारी खुर्ची ओढली आणि पुकारा सुरू केला. "मेट्रन!" बाईंनी उजेड वाढवला, जरा उतरवला. हात पुन्हा वाढवायला गेला, तसे यजमान म्हणाले, "हलू नका." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर खुर्चीसकट मागे सरकला असता. पण एक्सपोर्टचं बटण दाबलं गेलं. यादीवर पहिली खूण पडली.

बुधवारी दुपारी लिफ्टमनचा नंबर आला, आणि योगायोगाने लिफ्टमनही. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. पडद्यावर आपला फोटो बघून त्याने आधी केसांवरून हात फिरवला. मग त्याने बोट दाखवलं. "हा डाग?"

बाईंनी वेळ वाचवायचं ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "राहू दे की. खरा आहे तो. माणूस कामातला दिसतो."

"बाई, तो डाग मी अकरा वर्षं घासतोय," लिफ्टमन काकुळतीला आला. "लिंबू झालं, साबण झाले, बायकोची बोलणी झाली. तुमच्याकडे तरी जाऊ द्या त्याला."

चार दिवसांचं काम बाईंनी चार मिनिटांत केलं. कसं झालं ते त्यांनाही कळलं नाही.

गुरुवारी सकाळी चोवीस फाइली गेल्या. बाई पाय पसरून बसतात न बसतात तोच छपाईवाल्याचा फोन. "बाई, हे भिंतीवर लावायचंय की पाकिटावर चिकटवायचंय? फोटो तिकिटाएवढे आलेत."

बाईंनी जिन्यातून वर हाक मारली. भाची दोन-दोन पायऱ्या ओलांडत खाली आली. शिकवताना तिनेच कधीतरी कुंडीतल्या झाडाचा फोटो मोबाइलसाठी एक्सपोर्ट करून दाखवला होता, तेव्हाचा बारका आकार प्रोग्रॅमने लक्षात ठेवला होता.

"म्हणजे पुन्हा चोवीस?" यजमानांनी यादी खिशात लपवली.

"नाही हो काका. मावशीने केलेलं सगळं जपून ठेवलंय. चोवीस निवडायचे, मोठा आकार सांगायचा, एकदा बटण." तिने फोल्डर उघडून दाखवलं. प्रत्येक फोटोशेजारी एकेक चिलट नव्याने येऊन बसलं होतं. "यांना हात लावायचा नाही, मावशी."

"मी कशाला लावतेय!" बाई म्हणाल्या, जणू काही मंगळवारी दुसरंच कुणी आलं होतं.

भाचीने बटण मावशीला दाबू दिलं. यजमान चहा टाकून येईपर्यंत चोवीसही तयार होते.

नव्या इमारतीत फोटो लागले त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालायला जागा नव्हती. जो तो आधी स्वतःसमोर उभा राहत होता आणि मग दुसऱ्यांना नावं ठेवत होता. मेट्रनबाई बाईंचा हात धरून म्हणाल्या, "एवढा छान माझा एकही फोटो नाही. जरा अंधार वाटतो, नाही?"

"होय ना?" बाईंचे डोळे चमकले. "मलाही तेच वाटत होतं. घरी गेल्यावर—"

यजमानांनी त्यांना कोपराला धरून पुढे नेलं. पण जिन्याशी स्वयंपाकघरातल्या सहाजणी वाट अडवून उभ्या होत्या. आमचे का नाहीत, म्हणून तक्रार होती. बाईंनी पर्समधून कॅमेरा काढला, सगळ्यांना भिंतीला टेकवलं आणि यजमानांना सांगितलं, "तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा." आठवड्याच्या आत सहाही फोटो जिचे तिला पोचले. मेट्रनबाईंचा मात्र अजून हातात आहे.