भट्टीआधीचं कुंकू

माझं तोंड आमच्या गाळ्यात प्रसिद्ध आहे. कुणी जॉब, म्हणजे बनवलेला भाग, न पुसता टेबलावर ठेवला तरी मी असा आवाज चढवते की शेजारच्या गाळ्यातली माणसं डोकावतात. त्या दसऱ्याला मात्र हेच तोंड तीन तास बंद होतं.

पनवेलच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आम्ही धातूचे भाग छापतो. टायटॅनियमची पिठासारखी पावडर, तिच्यावर लेझर, थरावर थर. मी तपासणीला. त्या आठवड्यात मोरा बंदरावरच्या एका कोळणीच्या जबड्याची पट्टी मशीनवर होती. गाठीपायी तिच्या जबड्याचा तुकडा सोमवारी काढणार होते आणि त्या जागी ही पट्टी सहा स्क्रूंनी बसणार होती. स्कॅनची सीडी घेऊन तिची मुलगी स्वतः एसटीने आली होती. धक्क्यावर मासे विकताना आईचा आवाज पार लाँचपर्यंत जातो, म्हणाली. मग हळूच विचारलं, "मॅडम, आयला परत बोलाया येल ना?"

मी पटकन "येईल" म्हणून बसले. कुणी सांगितला होता मला हा शहाणपणा?

या कामात एक भानगड असते. गरम थर निवताना आकसतो, खालचा थर त्याला आकसू देत नाही आणि ती ओढाताण धातूच्या आत कोंडून राहते. खालच्या जाड प्लेटला चिकटलेला असतो तोवर जॉब अगदी शहाण्यासारखा सरळ दिसतो. म्हणून आधी प्लेटसकट भट्टीत तापवायचा, सावकाश निवू द्यायचा, आणि मगच तारेने धातू कापणाऱ्या वायरकट मशीनवर प्लेटपासून कापायचा. आधी कापला तर वाळत्या पापडासारखा कडेने उचलला जातो.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा होते आणि पूजेनंतर प्रत्येक मशीनवर मुहूर्ताचं एक काम. देवापुढे भट्टीतून आलेलाच जॉब ठेवायचा, कच्चा नाही, हा नियम माझाच. त्यासाठी मी सगळ्यांशी भांडलेही होते. पण त्या सकाळी सोमवार काही डोक्यातून जाईना. पट्टी प्लेटवर छापून तयार होती, भट्टी दुपारी लागायची होती. मी ती प्लेट झेंडूच्या फुलांत ठेवली आणि तिला कुंकू लावलं. भीतीपोटी लावलं, दुसरं काही नाही.

वायरकटवर कोन गावचे एक वयस्क गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी श्रीखंडाच्या वाट्या भरत होते तोवर त्यांनी मुहूर्ताला तीच प्लेट मशीनवर चढवली होती. मी परत आले तर पट्टी कापून टेबलावर.

जबड्याच्या प्लॅस्टिकच्या नमुन्यावर मी ती बसवून पाहिली. एक टोक टेकेना. फट मोजायच्या गेजचं पातळ पान आत सरकवलं, मग जाड, मग त्याहून जाड. सगळी जात होती.

"मामा, भट्टीच्या आधी कापलंत? डोकं ठिकाणावर आहे ना?" आमच्या गाळ्याचे साहेब कडाडले.

"कुंकू लावलेला व्हता साहेब. आमी समजलो भट्टी झालीय."

"कुंकू बघून जॉब कापतात?"

कुंकू कुणी लावलं ते साहेबांनी विचारलं नाही. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मी गप्प. नोकरी जाईल याची भीती होती, आणि मी त्या मुलीला "येईल" म्हटलं होतं त्याची त्याहून मोठी. साहेब मला म्हणाले, "दाबून सरळ कर. स्क्रू खेचून घेतील." मामा एका कोपऱ्यात बसले. त्यांनी पुरीला हातही लावला नाही. मी तीन तास तीच पट्टी उलटसुलट मोजत राहिले, जणू मोजून मोजून ती सुधारणार होती.

शेवटी अंगठ्याने दाबली. टेकली! पण अंगठ्याखाली ती मला वर ढकलत होती. अंगठा काढला तशी पुन्हा उठली. असं ढकलणं त्या बाईच्या हाडाला रोज, जेवताना, बोलताना... मी उठून साहेबांना सांगितलं, कुंकू मी लावलं, ही पट्टी जाता कामा नये.

साहेब ओरडले नाहीत. घड्याळ बघून एवढंच म्हणाले, "पावडर भर."

नवी पट्टी छापली, भट्टीतून काढली, मामांनी कापली. या वेळी गेजचं सगळ्यात पातळ पानही आत जाईना. रविवारी साहेब स्वतः गाडी घेऊन गेले. ते पोचले तेव्हा हॉस्पिटलने दिलेली वेळ टळायला जेमतेम वीस मिनिटं उरली होती. मी दिवसभर फोनकडे बघत बसले. वाटेत गाडी कुठे अडकली असती तर? माझ्या त्या तीन तासांवर एका बाईचं ऑपरेशन टांगलेलं होतं.

दोन महिन्यांनी तिच्या मुलीचा फोन आला. "आय बोलतंय, ऐका." मी स्पीकर लावला. मामांनी मशीन थांबवलं. जड, बोबडा आवाज आला, पण मासे खायला बोलावणारे शब्द कळले: "मावरा खायला या सगली."

मला रडू आवरेना. मामा हात पुसत शेजारी येऊन उभे राहिले.

"बरा झाला मॅडम, तुमी तवा बोललात," ते म्हणाले. मग मशीनकडे वळता वळता, अजिबात न रागावता म्हणाले, "तीन तासांनी, पन बोललात."