पाणी वाटणाऱ्याची बारी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने परिषद भरवलेली नसावी. मी जन्मात एकदाच भरवली आणि त्यानंतर कुणी मला कशाचाही चिटणीस व्हा म्हटलं की माझी कंबर दुखायला लागते.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. चांदा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, नागभीडपासून बरंच आत, एका तालुक्याच्या गावी मी हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. नागपूरला ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या प्राध्यापकांचं एक लांबलचक पत्र आलं. सामाजिक संशोधनाच्या गरजा कोणत्या आणि त्यांत आधी काय, मग काय, हे ठरवायला विद्वानांची तीन दिवसांची परिषद घ्यायची होती. शहरात बसून खेड्याच्या गरजा कशा ठरवणार, म्हणून ती जंगलाकडच्या भागात घ्यायची, आणि स्थानिक चिटणीस मी. मला विचारलेलं नव्हतं, कळवलेलं होतं. गुरूला नाही म्हणायची तेव्हा रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी मनातून सुखावलोही होतो. आपल्या आडगावी असली माणसं येणार म्हणजे काय!

शाळा रिकामी मिळणार ती दिवाळीच्या सुट्टीत, म्हणून तारखा सुट्टीतल्या धरल्या. धान निसवतं, ओंब्या बाहेर पडतात आणि शेवटचं पाणी लागतं ते याच दिवसांत, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण परिषदेचा आणि धानाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दीड महिना मी सायकलवर होतो. खाटा गोळा केल्या. हिवतापाच्या धास्तीने प्रत्येकाला मच्छरदाणी पाहिजे होती, त्या अर्ध्या दवाखान्यातून आणि अर्ध्या एका बोहरी व्यापाऱ्याच्या घरून आणल्या. एका पाहुण्यांना भात चालत नव्हता. आमच्या झाडीपट्टीत भाताशिवाय दुसरं काय मिळणार? त्यांच्यासाठी गहू आणि पोळ्या लाटणारी बाई शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला. दुसऱ्यांनी पत्रातून विचारलं की रात्री वाघ येतो का. येत नाही असं मी कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं की मग जवळपास कुठे पाहायला मिळेल.

या धावपळीत प्राध्यापकांचं आणखी एक पत्र आलं. गावकऱ्यांच्या गरजा गावकऱ्यांच्याच तोंडून ऐकायला हव्यात, सबब एक चांगला बोलणारा शेतकरी शोधून ठेवावा. मला ही कल्पना फार आवडली. सायकल काढली आणि सात-आठ मैलांवरच्या एका तलावाच्या गावी गेलो.

त्या गावात तलावाचं पाणी वाटणारा एक म्हातारा होता. सत्तरीच्या आसपासचा, काटक, कमी बोलणारा. त्याच्या आधी त्याचा बाप हेच काम करायचा. पावसाने दगा दिला की तलावाचं दार उघडायचं आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ पाणी जाईल हे ठरवायचं, एवढंच त्याचं काम. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, काठी रोवून तो सावली मोजायचा. सावली खुणेला टेकली की पाणी तोडायचं आणि पुढच्याच्या बांधीत सोडायचं. प्रत्येकाची बारी ठरलेली. एका साली खुद्द मालगुजाराची बारी एका विधवेच्या दोन बांध्यांनंतर आली होती, तर याने मालगुजाराला थांबवून ठेवलं होतं, आणि मालगुजार थांबला होता. ही गोष्ट मला गावात तिघांनी वेगवेगळी सांगितली, त्याने स्वतः सांगितली नाही.

मी त्याला म्हटलं, बाबा, मोठमोठे लोक येणार आहेत, गावाला काय पाहिजे ते ऐकायला. तुम्ही बोलाल का? त्याने थोडा विचार केला आणि विचारलं की ऐकून ते काही करतील का. मी हो म्हटलं. हे हो मी कशाच्या जोरावर म्हटलं, ते आजही मला सांगता येत नाही. त्याच्यासमोर मी वहीत त्याचं नाव लिहिलं, आणि कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवशी दुपारी 'ग्रामस्थांचे मनोगत' या मथळ्याखाली ते छापूनही आलं.

त्यानंतर हस्ताचा पाऊस पडलाच नाही. तलाव तुडुंब होता, पण मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारजमा झाला होता. पाण्यावर हक्क कुणाचा, याची चौकशी चालू होती आणि ती संपेपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही असा कागद गावाला आलेला होता. गावाने दोन अर्ज केले होते. उत्तर नव्हतं. तालुक्याच्या साहेबाच्या, म्हणजे तहसीलदारांच्या, तोंडच्या एका शब्दाने काम होण्यासारखं होतं, पण तो शब्द बाहेर पडत नव्हता. हे सगळं मला नंतर कळलं. परिषदेच्या आदल्या आठवड्यात मी उशा मोजत होतो.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी म्हातारा शाळेच्या व्हरांड्यात हजर. अंधारात निघून चालत आला होता, काखेत शिदोरी. मी स्टेजवर कापड ठोकत होतो. तो खाली उभा राहून म्हणाला,

"गुरुजी, माही बारी आज नाई का होत? धान निसवून राह्यलं."

मी तोंडात खिळे धरूनच मानेने नाही म्हटलं. मग खिळे काढून त्याला सांगितलं की यादी छापून झाली आहे, तुमचं नाव परवा दुपारी आहे, घरी जाऊन परवा या. त्याने विचारलं, यादीत नाव पक्कं आहे ना? मी पत्रिका उघडून त्याच्या नावावर बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्याने बराच वेळ तिथे पाहिलं. घरी मात्र गेला नाही. व्हरांड्याच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून बसला.

उद्घाटनाला तहसीलदार आले होते. भाषणं झाली आणि सगळे चहाला व्हरांड्यात आले. कपबशी हातात घेऊन तहसीलदार एका खांबापाशी उभे होते आणि त्याच खांबाच्या पलीकडे म्हातारा उभा होता. दोघांमध्ये हातभर अंतर. मी लांबून पाहिलं. आता हा इथेच तोंड उघडणार, अर्ज-विनंत्या करणार, पाहुण्यांसमोर शोभा होणार. मी हातातली किटली तशीच घेऊन तिथे गेलो, त्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि हळूच म्हटलं, इथे नको बाबा, तुम्हाला स्टेजवरून रीतसर बोलायचं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि आपल्या घोंगडीवर जाऊन बसला. तहसीलदारांनी दुसरा कप घेतला. मला हायसं वाटलं. हे मी लपवणार नाही, मला तेव्हा खरंच हायसं वाटलं होतं.

दुसरा दिवस निबंधवाचनाचा. गरज म्हणजे काय, यावरच दुपारपर्यंत गुऱ्हाळ चाललं. माणसाला वाटते ती गरज, की तज्ज्ञाला दिसते ती? मग अग्रक्रम. जातिव्यवस्था आधी की ग्रामनेतृत्व आधी, यावर दोन ज्येष्ठ विद्वानांचं असं बिनसलं की त्यांची जेवणाची पानं मला दूर दूर मांडावी लागली. मी भातवाला आणि पोळीवाला यांच्यामध्ये फिरत होतो, पायाला गोळे आले होते आणि व्हरांड्यातून जाताना प्रत्येक वेळी म्हातारा दिसायचा. तो काही विचारत नव्हता. शिदोरी संपली असेल म्हणून मी त्याला पंगतीला बोलावलं, तर जेवला आणि आपली पत्रावळ स्वतः उचलून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं की आमच्यासाठी सांगितलेली बस दुपारऐवजी अकरालाच निघणार. ती चुकली तर नागभीडला नागपूरची गाडी मिळत नव्हती. झालं, सगळ्यांची धांदल उडाली. ठराव घाईघाईने वाचले, टाळ्या वाजल्या, वळकट्या बांधल्या गेल्या. मी प्राध्यापकांना गाठून म्हटलं, सर, मनोगत राहिलं, म्हातारा तीन दिवस बसला आहे. त्यांना खरोखर वाईट वाटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले,

"तुम्ही त्यांच्याकडून लिहून घ्या. आपण अहवालात घालू."

बस गेली. मी हॉलमध्ये परत आलो. सतरंज्या गुंडाळणारे दोघे गडी होते आणि पहिल्या रांगेत एकटा म्हातारा बसला होता. सकाळीच विहिरीवर अंघोळ करून त्याने धुतलेलं पागोटं बांधलं होतं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, आता माही बारी ना? मला हो म्हणावं लागलं. तो उठला, स्टेजवर चढला नाही, खालीच उभा राहिला आणि हात जोडून बोलला.

"तलाव आमच्या बापजाद्यायनं खोदला. पाणी भरून हाये. दाराले हात लावाचा नाई असा कागद आला. धान निसवून राह्यलं, चार-आठ दिसांत पाणी नाई भेटलं तं दाणा भरत नाई. कोनी दार उघडाले सांगा. एवढंच हाये."

गडी सतरंजी हातात धरून थांबले होते. बोलायला मिनिटभरही लागलं नव्हतं. एवढ्यासाठी मी त्याला तीन दिवस बसवून ठेवलं होतं.

मी तसाच सायकलवर तहसिलीत गेलो. साहेब दिवाळीला आपल्या गावी गेले होते, आदल्याच संध्याकाळी. कारकून म्हणाला, पाच-सहा दिवसांनी येतील. मी रोज खेटे घातले. ते आले, माझं ऐकून घेतलं आणि लगेच कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. माणूस वाईट नव्हता. उलट मलाच म्हणाले, अहो, त्या दिवशी मी तुमच्याकडे होतोच की, तेव्हाच का नाही सांगितलंत? मी कागद शिपायाच्या हाती गावाला धाडला. कागद गावात पोचला तेव्हा उंचावरच्या बांध्या भेगा पडून उलून गेल्या होत्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मला लगेच त्या गावी जायला हवं होतं. मी गेलो नाही. शाळा सुरू झाली, उसन्या खाटा परत करायच्या होत्या, मच्छरदाण्या धुवायच्या होत्या, अशी कारणं मी मलाच देत राहिलो. खरं म्हणजे तोंड नव्हतं. शेवटी अहवालासाठी त्याचं मनोगत पाठवा, असं प्राध्यापकांचं पत्र आलं, तेव्हा महिन्या-दीड महिन्याने निघालो.

वाटेत गावोगावी खळी लागली होती. त्याच्या गावाशी आलो तर वरच्या बांध्यांत माणसं धान कापत होती, पण ओंब्या वाकलेल्या नव्हत्या, ताठ उभ्या होत्या. मी एक ओंबी तोडून दाणा नखाने दाबला. नुसतं फोल. जनावरांना तणीस तरी होईल म्हणून कापत होते. मला कुणी रामराम केला नाही. म्हाताऱ्याच्या बांध्याही वरच्याच अंगाला होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. गावाने त्यालाच पाठवलं होतं, तेव्हा बोलही त्यालाच लागत होता.

त्याने मात्र मला खाटेवर बसवलं आणि बायकोला जेवण वाढायला सांगितलं. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, बाबा, चहाच्या वेळी तुमच्याजवळ उभे होते ते तहसीलदार होते. मी तुम्हाला बाजूला ओढलं नसतं तर त्याच दिवशी काम झालं असतं. चूक माझी आहे.

"मले मालूम होतं ना, गुरुजी," तो म्हणाला. "दोन खेपा त्यायच्या कचेरीत जाऊन आलो होतो. वळखत होतो त्यायले."

"मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला अडवलं म्हणून?"

"तुमी अडवाच्या आधीपासून उभा होतो तिथी. तुमी नाव लिवलं होतं, परवाची बारी देली होती. जनमभर लोकायले सांगत आलो, आपली बारी सोडून पाणी तोडू नोका. मीच कसा तोडू?"

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तेवढ्यात बाईने ताट आणून ठेवलं. भात आणि वर लाखोळीच्या डाळीचं वरण. पहिल्याच घासाला मला पोत्याचा कुबट वास आला. नव्या धानाच्या दिवसांत, धानाच्या गावात, हा बाजारातून विकत आणलेला जुना तांदूळ होता. मी खाली मान घालून जेवत राहिलो. ताट रिकामं झालं तशी बाई भाताचं गंज घेऊन आली आणि म्हणाली, आणखी घ्या गुरुजी. नको म्हटलं असतं, तर मला कळलं आहे हे त्यांना कळलं असतं. मी ताट पुढे केलं.